नापासाची चिठ्ठी

मंडळी, बेलापूर म्हटलं की मुंबईकडच्या लोकांना नव्या मुंबईतलं बेलापूर आठवतं. आमचं बेलापूर ते नव्हे. आमचं प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं, जुन्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. गंमत म्हणजे श्रीरामपूरला रेल्वेने उतरणाऱ्या पाहुण्याला स्टेशनवर पाटी दिसते ती ‘बेलापूर’ची! पाहुणा गोंधळतो... असो. तो विषय पुन्हा कधीतरी. आज लिहायचंय ते ट्रकविषयी.

आता ट्रकविषयी मी काय लिहिणार? मी बी.ए. मराठीचा. उभा जन्म मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेला. साधी लुनासुद्धा मला धड चालवता आली नाही. पण गेल्या वर्षी ऊसहंगामाच्या तोंडावर एका जुन्या ट्रकने मला असा काही धडा दिला, की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ट्रक माझ्या पुतण्याचा. २००७ सालचा. त्याने तो दुसऱ्याकडून घेतलेला. हंगामात ऊस आणि एरवी कांदा, खत, जे मिळेल ते. आमचा मुलूख उसाचा. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना बंद पडून जमाना झाला, पण सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली ती इथून जवळच, प्रवरानगरला. त्यामुळे ऊस आणि उसाच्या गाड्या आम्हाला नव्या नाहीत. पुतण्या घराशेजारीच राहतो. ट्रक आमच्या दोघांच्या सामाईक अंगणात उभा असतो, तोंड रस्त्याकडे आणि सायलेन्सर आमच्या खिडकीकडे.

पहाटे पाचला तो ट्रक सुरू करतो. थंडीच्या दिवसांत दहा-पंधरा मिनिटं तसाच चालू ठेवतो. आमच्या सौ.ना दमा आहे. ती पावणेपाचला उठते, खिडकी लावते आणि मग चहा ठेवते. गेली कित्येक वर्षं हे चाललंय. मला वाटायचं, थंडी वाजते म्हणून लावत असेल. ती कधी बोलली नाही, मी कधी विचारलं नाही.

तर गेल्या दिवाळीच्या आधी ट्रकचं पासिंग आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की तिला दरवर्षी आरटीओकडून लायक असल्याचा दाखला घ्यावा लागतो. त्याला लोक ‘पासिंग’ म्हणतात. पासिंगला पीयूसी लागते, म्हणजे धुराचं प्रमाणपत्र. पूर्वी विम्यालाही लागायची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं होतं, की पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नये. ती अट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने मागे घेतली. एका कागदावाचून दुसरा कागद अडतो आणि दुसऱ्यावाचून ट्रक!

ट्रक अडणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पुतण्याने ऊसतोडणीच्या टोळीच्या मुकादमाला उचल दिलेली होती. उचल म्हणजे हंगामाआधीच दिलेले आगाऊ पैसे. रक्कम लाखांत असते आणि ती उसनवारी करूनच उभी राहते. टोळी येऊन बसली आणि वाहतुकीला गाडी नाही, तर टोळी दुसऱ्याच्या गाडीला जाते. मग उचल वसूल कशी करायची? तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागला होता, हे आधीच सांगतो. म्हणजे पुढे मी जे वागलो त्याची किंमत कोण मोजत होतं, ते तुमच्या लक्षात येईल.

पीयूसी केंद्र चालवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. (मुलगा कसला, पन्नाशीला टेकलाय!) म्हणून पुतण्या म्हणाला, “अप्पा, तुम्ही चला बरोबर. तुमचा शब्द मोडणार नाही तो.” मीही गेलो. मास्तरला आपला शब्द चालतो हे ऐकायला आवडतंच.

विद्यार्थ्याने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, “सर, आधी नुसतं बघू. संगणकावर चढवत नाही.” डिझेल गाडीची परीक्षा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. इंजिन चांगलं तापवायचं. सायलेन्सरमध्ये नळी घालायची. मग गाडी जागेवरच उभी ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा आणि सोडायचा, असं अनेकदा. नळीतून आलेल्या धुरातून प्रकाश सोडतात आणि किती प्रकाश अडला ते यंत्र मोजतं. त्याचं एकक हार्ट्रिज. शून्य म्हणजे स्वच्छ हवा, शंभर म्हणजे पूर्ण अंधार. आमच्या ट्रकच्या काळातल्या गाड्यांना ६५ पर्यंत मुभा आहे. २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ५०. म्हणजे पहा, जुन्या गाडीला पेपर आधीच सोपा काढलेला आहे.

आमचे ‘गुण’ आले ७८. इथे जास्त गुण म्हणजे नापास!

पुतण्याचा चेहरा उतरला. तेव्हा विद्यार्थी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “सर, काळजी करू नका. नळी दुसऱ्या गाडीला लावतो, फोटो तुमच्या नंबरप्लेटचा घेतो. दोन मिनिटांचं काम. तुमच्यासाठी एवढं तरी करू द्या.” आणि हसत म्हणाला, “नववीत तुम्ही माझी चिठ्ठी फाडली होती, आठवतं का?”

मला आठवत होतं. वार्षिक परीक्षेत बाहीत दडवलेली चिठ्ठी मी काढून फाडली होती आणि चारचौघांत बोललोही होतो. त्याच्या मनात डंख नव्हता, उलट मायाच होती. मास्तरांचे पांग फेडायला निघाला होता बिचारा.

आणि मी? मी ‘नाही’ म्हणालो नाही. हे कबूल करायला हवं. मी म्हणालो, “उद्या बघू.” ‘उद्या बघू’ हे भित्र्या माणसाचं ‘हो’ असतं, हे मास्तरला कळायला नको का? घरी येताना पुतण्या खुशीत होता. त्याने तो होकारच धरला होता.

रात्री जेवताना सौ.ला सगळं सांगितलं. विद्यार्थ्याचं कौतुकही केलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “म्हणजे कागद स्वच्छ होणार. धूर आहे तसाच.” आणि ताटं उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी जागा होतो. ती उठली, खिडकीची कडी लावली, पदर नाकाला लावून क्षणभर तिथेच उभी राहिली. ट्रक सुरू झाला. तेव्हा मला कळलं, की खिडकी थंडीसाठी लावली जात नव्हती.

सकाळी पुतण्याला म्हटलं, “आपण नापासाची चिठ्ठी घेऊ.”

२०२१ साली केंद्र सरकारने पीयूसीचा देशभर एकच नमुना केला. त्यावर क्यूआर कोड आला, गाडीमालकाचा मोबाईल नंबर सक्तीचा झाला. आणि त्यातच ‘गाडी नापास झाली तर कारणासह तशी चिठ्ठी द्यायची’ अशी सोय आली. ती चिठ्ठी घेऊन दुरुस्तीला जायचं. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते, पण ही चिठ्ठी मागून घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विद्यार्थ्याकडे जाऊन मी ती मागितली तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. “सर, सगळेच तुमच्यासारखे वागले तर माझं केंद्र कसं चालायचं? मी नापास केलं की गाडी पुढच्या केंद्रावर जाते.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यावर पुढे लिहितोच.

पुतण्या मात्र रागावला. “अप्पा, टोळी दोन दिवसांत येतेय. तुमचं तत्त्व माझ्या पोटावर कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी पेन्शन एक तारखेला येते, त्याचा ट्रक उभा राहिला तर काहीच येत नाही. दुसऱ्याच्या पैशाने प्रामाणिक होणं सोपं असतं. म्हणून म्हटलं, दुरुस्तीचा निम्मा खर्च माझा. तो काही बोलला नाही, पण गाडी श्रीरामपूरला डिझेल पंपाच्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री शाळा अर्ध्यावर सोडलेला, पण शिकवण्याची हातोटी अशी की मला हेवा वाटला! चिठ्ठी वाचून म्हणाला, “काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. पांढरा असता तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. काळा आहे, म्हणजे इलाज सोपा.” (इंजिनिअर नातवाने नंतर फोनवर सांगितलं, की एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एवढी हवा! मी थक्क झालो.)

एअर फिल्टर काढला तर त्यात पाणंद रस्त्यांचा मातीचा थर. नोझल काढून टेस्टरवर लावले. नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडायला हवा, इथे चक्क धार पडत होती. धार नीट जळत नाही, तिची काजळी होते. मग मिस्त्रीने पंपाकडे बोट दाखवलं. “सील तुटलंय. कुणीतरी पंप वाढवलाय.”

पंप वाढवणं म्हणजे स्क्रू फिरवून इंजिनाला ठरल्यापेक्षा जास्त डिझेल पाजणं. पुतण्या खाली बघायला लागला. दोन हंगामांपूर्वी ड्रायव्हरने वाढवून घेतला होता. भरलेली गाडी चंदनापुरीच्या घाटात ओढत नव्हती म्हणून. आणि का ओढत नव्हती? कारण ती नुसती भरलेली नव्हती, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती. वर नोझल खराब, फिल्टर तुंबलेला. दुखणं एक आणि औषध भलतंच!

चार दिवस लागले. नोझल बदलले, पंप खोलून बाकावर चढवून पुन्हा ठरल्या मापाला लावला, सील केलं, टॅपेट सेट केले, फिल्टर नवा टाकला. बिल झालं सतरा हजार आठशे. टोळीचा मुकादम ओळखीचा निघाला, दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्याची गाडी भाड्याने लावून द्यावी लागली, तो खर्च वेगळा. हे लपवत नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा परीक्षा. नळी आमच्याच सायलेन्सरमध्ये. आकडा आला ४६. भारत स्टेज ४ च्या गाडीलाही चालला असता!

मंडळी, इथवर गोष्ट झाली. आता मला जे म्हणायचंय ते म्हणतो.

पहिली गोष्ट. ‘जुनी गाडी आहे, धूर सोडणारच’ हे आपलं वाक्य खोटं आहे. आमची गाडी नापास होत होती ती वयामुळे नव्हे, तर हेळसांडीमुळे आणि हावेमुळे. वय १८ चं, पण दुखणं दोन वर्षांचं. म्हणूनच नुसत्या वयावरून गाड्या भंगारात काढाव्यात हे मला पटत नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली आणि त्यानंतरही तिच्यावर वाद होतच राहिले. पासिंगची फीसुद्धा २०२१ च्या अधिसूचनेने पंधरा वर्षांवरच्या जड वाहनांना दीड हजारावरून साडेबारा हजार झाली, पुढे त्यातही बदल होत गेले. एवढे पैसे फीमध्ये घालणाऱ्या माणसाकडे नोझलला काय उरणार?

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली केल्यासारखं होईल. ४६ आकडा आला म्हणून आमचा ट्रक काही नव्या गाडीसारखा झाला नाही. २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या ट्रकला काजळी अडवणारी गाळणी असते आणि त्याच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त दहा भाग. आमच्या ट्रकला आज तेच चांगलं डिझेल मिळतं, पण गाळणी कुठून आणणार? शिवाय परीक्षा रिकाम्या, उभ्या गाडीची. ऊस भरून चढाला लागलेली गाडी काय सोडते ते त्या आकड्यात येत नाही. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय. तेव्हा एक दिवस हा ट्रक जायला हवाच. पण जाईपर्यंतची जी वर्षं आहेत, त्यांत तो ७८ वर चालतो की ४६ वर, याने खिडकीआतल्या माणसाला फरक पडतो.

दुसरी गोष्ट परीक्षेची. माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य मला अजून टोचतं. या परीक्षेत परीक्षकाची फी परीक्षार्थी देतो. नापास केलं की गिऱ्हाईक शेजारी जातं. अशा शाळेत कोण नापास करील? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात दंड दहा हजारांपर्यंत नेला आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण परीक्षा ढिली ठेवून नुसता दंड वाढवला की लोक दुरुस्ती करत नाहीत, कागद विकत घेतात. दंड धुराचा नाही, कागदाचा होतो. बोर्डाच्या परीक्षेला खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे पालक आम्ही पाहिलेत. त्यांनाही मुलगा शिकायला नकोच होता, पास व्हायला हवा होता.

आणि हे फक्त आमच्या खेड्यातलं नाही. २०१५ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. त्यांच्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी युक्ती होती, की परीक्षा चालू आहे हे गाडीला ओळखू यायचं. तेवढ्यापुरती ती सभ्यपणे वागायची आणि रस्त्यावर गेली की मनसोक्त प्रदूषण. जगभरात अशा एक कोटीहून जास्त गाड्या! मोठ्या घरची पोरंही कॉपी करतात, फक्त त्यांची चिठ्ठी महागडी असते. पण ती पकडली जायला सुरुवात कशी झाली? अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने मोजणीची यंत्रं गाडीतच ठेवली आणि गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या. त्या चमूत विद्यार्थी होते हे वाचून मला विशेष बरं वाटलं.

मला वाटतं, आपल्याकडेही खरी परीक्षा रस्त्यावरच व्हावी. हंगामात कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते, तिथे अचानक तपासणी का होऊ नये? आणि नापास झाला तर लगेच दंडाची पावती फाडू नये. आधी चिठ्ठी द्यावी, दुरुस्तीला पंधरा दिवस द्यावेत, त्यानंतर दंड करावा. उसाच्या गाड्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दरवर्षी होतात, फोटो छापून येतात. त्याच मांडवात हंगामाआधी एक पंपाचा मिस्त्री आणि एक नोझल टेस्टर बसवला तर? वाहतूकदाराच्या बिलातून हप्त्याने पैसे कापून घ्यावेत. फुकट कुणीच मागत नाही. आणि काट्यावर जादा वजन दिसतं तेव्हा तिकडे काणाडोळा करणंही थांबवावं, कारण पंप वाढवायची गरज तिथूनच सुरू होते.

तिसरी गोष्ट आमच्यासारख्यांची. नापास या शब्दाची आपण उगाच भीती घेतलीय. चाळीसेक वर्षं मी निकालपत्रं लिहिली. आज वाटतं, त्यातले लाल शेरे खरे होते तेवढेच कुणाच्या उपयोगी पडले असतील. ज्याला मी दया म्हणून दोन गुण वाढवून ढकललं, त्याला नक्की कुठे कच्चं आहे ते कधी कळलंच नाही. आमच्या ट्रकला त्या दिवशी पास करून घेतलं असतं, तर नोझलमधली धार आजही तशीच पडत राहिली असती.

पुतण्याचा राग गेला का? अर्धा गेला. लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर ॲव्हरेज वाढलंय, असं तो स्वतःहून म्हणाला. हंगाम संपेपर्यंत मिस्त्रीचे पैसे डिझेलमध्ये निघाले, हेही म्हणाला. भाड्याच्या गाडीचे पैसे मात्र गेले ते गेले, ते तो अजून अधूनमधून ऐकवतो. ऐकवू दे. त्याचा हक्क आहे. पंपाच्या सीलला हात लावायचा नाही, हे मात्र त्याने ड्रायव्हरला बजावून सांगितलंय.

आमच्यासारख्या जुन्या गाडीची पीयूसी सहाच महिने चालते. तेव्हा या वर्षीही माझ्या फेऱ्या झाल्या आणि पुढेही होतील. विद्यार्थी आता मला बघितलं की आधी चहा मागवतो आणि मग नळी आमच्याच सायलेन्सरमध्ये घालतो. बाकीच्यांच्या गाड्यांना तो काय करतो, मी विचारलेलं नाही. विचारायला हवं.

सौ. अजूनही पावणेपाचला उठून खिडकी लावते. मी म्हटलं, आता धूर कमी झालाय. म्हणाली, “कमी झालाय, गेला नाही.” तिचं बरोबर आहे. पुतण्याला सांगून आता ट्रक उलटा लावायला सुरुवात केलीय, तोंड खिडकीकडे आणि सायलेन्सर रस्त्याकडे. एवढी साधी गोष्ट सुचायला मला इतकी वर्षं लागली!

ती नापासाची चिठ्ठी मी माझ्या डायरीत ठेवलीय. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी मागची पीयूसी कशी काढली ते जरा आठवून पाहावं. नळी नक्की कुणाच्या सायलेन्सरमध्ये होती? मला कळवलं नाही तरी चालेल. घरात पहाटे खिडकी लावणारं कुणी असेल, तर त्याला मात्र सांगा.